ओगोवेच्या काठचा दवाखाना

आफ्रिका खंडात गॅबन नावाचा देश आहे. विषुववृत्त या देशातून जाते. त्यामुळे तेथे बाराही महिने उकाडा असतो. दाट जंगलातून ओगोवे नदी वाहते. तिच्या काठी लांबारेने हे गाव आहे. एप्रिल १९१३ मध्ये डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर आणि त्यांच्या पत्नी हेलेनबाई तेथे आले.

डॉक्टर युरोपात प्राध्यापक होते. ऑर्गन हे वाद्य वाजवण्यात त्यांचा मोठा लौकिक होता. तरी वयाच्या तिसाव्या वर्षी ते वैद्यकशास्त्र शिकू लागले. पॅरिसच्या एका मिशनने त्यांना लांबारेनेला जागा दिली. पण औषधांचा खर्च मात्र त्यांनीच जमवायचा होता.

पहिला दवाखाना कुठे सुरू झाला असेल? कोंबड्यांच्या खुराड्यात! त्यांनी भिंतींना चुना लावला. छपराला भोके होती, म्हणून डॉक्टर दिवसभर डोक्यावर हॅट घालूनच रोगी तपासत.

सकाळी साडेआठला काम सुरू होई. हिवताप, महारोग, निद्रारोग, हगवण, चिघळलेल्या जखमा अशा नाना रोगांची माणसे होडीतून येत. प्रत्येकाला पुठ्ठ्याची एक गोल चकती मिळे. तिच्यावर नंबर असे. रोगी ती दोऱ्याने गळ्यात बांधत. वहीत त्याच नंबरापुढे रोग आणि औषध लिहिलेले असे. औषधाची बाटली परत आणण्याची ताकीद रोज सकाळी दिली जाई, कारण दमट हवेत कागदाच्या पुड्या टिकत नसत आणि बाटल्या युरोपातून यायच्या!

डॉक्टरांना तेथील भाषा येत नव्हत्या. जोसेफ नावाचे एक स्थानिक गृहस्थ दुभाषाचे काम करत. ते पूर्वी स्वयंपाकी होते. त्यामुळे रोग्याचे दुखणे ते मटणाच्या दुकानातल्या शब्दांत सांगत. मांडी दुखत असेल तर ‘तंगडी दुखते’ म्हणत. आपल्याला हसू येईल. पण जोसेफ नसते, तर डॉक्टरांची सगळी विद्या मुकीच राहिली असती.

रोग्याबरोबर नातेवाईकही येत. ते तेथेच राहत आणि केळी शिजवून रोग्याला घालत. काही जण फी म्हणून अंडी, कोंबड्या देत.

हर्नियाने आतडे अडकले, की पूर्वी माणूस झोपडीत तळमळत मरे. आता हेलेनबाई भूल देत, जोसेफ रबरी हातमोजे घालून मदत करत आणि डॉक्टर शस्त्रक्रिया करत. शुद्धीवर आलेला माणूस पोटावर हात ठेवून दुखणे शोधू लागे.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. गॅबनवर फ्रान्सचे राज्य होते आणि डॉक्टर जर्मन प्रजाजन होते. रोगी दाराशी आले, तरी त्यांना तपासायची काही महिने बंदी झाली. १९१७ मध्ये तर दोघांना कैदी म्हणून फ्रान्सला नेले. डॉक्टर १९२४ मध्ये परतले, तेव्हा दवाखान्यावर जंगल वाढले होते. त्यांनी पुन्हा कुऱ्हाड हाती घेतली.

ते स्वतःला आफ्रिकी लोकांचा थोरला भाऊ म्हणवत. पुढे यावर टीका झाली आणि ती रास्त होती. थोरले कोण, हे एकट्याने कसे ठरवायचे? पण १९५२ च्या नोबेल शांतता पारितोषिकाचा पैसा त्यांनी महारोग्यांच्या वसाहतीसाठी खर्च केला, हेही खरे. १९६५ मध्ये ते लांबारेनेलाच वारले. ओगोवेच्या काठी ते रुग्णालय आजही चालू आहे.