नाणेघाटातले आकडे

आपण पाटीवर १, २, ३ लिहितो. पण २००० वर्षांपूर्वी आपल्याकडची माणसं आकडे कसे लिहायची? ते नाणेघाटात बघायला मिळते.

नाणेघाट पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ आहे. तिथे लेण्याच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे. सातवाहनांची राजधानी पैठण. पैठणची गोदावरीच पुढे आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर हद्दीवरून वाहते. यज्ञात काय काय दान दिले ते लेखात आहे. एके ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती दिले असे लिहिले आहे.

लेखाची लिपी ब्राह्मी. तेव्हा शून्य नव्हते. १ म्हणजे एक आडवी रेघ, २ म्हणजे दोन. १० ची खूण वेगळी, २० ची वेगळी, ३० ची वेगळी, अशा थेट ९० पर्यंत. मग १०० आणि १००० च्या. १७०० लिहायला आधी १००० ची खूण, मग १०० च्या खुणेला ७ जोडायचा. एकूण २० खुणा पाठ करायच्या म्हंजे लईच झालं! आपले दहा अंकांत भागते, कारण आपल्याकडे शून्य आहे आणि एकक, दशक, शतकाची घरे आहेत.

पश्चिम आशियात अरेमाइक लिपी होती. तिच्यातही शून्य नव्हते. ४ लिहायला ३ ची खूण आणि १ ची खूण शेजारी मांडत, तेही उजवीकडून डावीकडे.

आता हे आकडे संगणकात आहेत. हजेरीपटावर जसा आपला नंबर असतो, तसा संगणकात प्रत्येक अक्षराला नंबर असतो. त्या हजेरीपटाला युनिकोड म्हणतात. आपल्या ५ चा नंबर २४११. अरेमाइक आकड्यांना २००९ साली नंबर मिळाले, ब्राह्मीला २०१० साली. ब्राह्मीतल्या १००० चा नंबर ६९७३३. नाणेघाटाच्या लेखातली काही अक्षरे झिजून गेली आहेत. पण जे वाचता येते ते संगणकात लिहून ठेवले, तर ते पुढच्या मुलांनाही वाचता येईल.

जुन्या आकड्यात १००० ची खूण कुठेही लिहा, ती १००० च. आपल्या ५ पुढे मात्र एक शून्य दिले की ५० होतात. आपल्या गावातले पुष्कळ जण ऊसतोडीला जाताना उचल घेतात. वहीत एक शून्य जास्त पडले तर किती हंगाम फेडावे लागेल? म्हणून माझी आई आधी शून्ये मोजते, मगच सही करते.

मित्रांनो, शून्य न वापरता २४४ कसे लिहाल? खुणा तुम्हीच तयार करा आणि खालच्या कोऱ्या कागदावर लिहा.

– इयत्ता ४ थी