कोंबड्यांस प्रथम मोकळें सोडतांना



परसांत चार कोंबड्या असाव्यात अशी हौस पुष्कळ घरीं असते, व ती चांगली आहे. घरांतील उरलेसुरलें अन्न त्यांच्या उपयोगी पडतें, अंड्यांची सोय होते, आणि मुलांस एका जिवंत प्राण्याची काळजी वाहण्याची संवय लागते. परंतु कोंबड्या विकत आणल्यावर त्यांस पहिल्यानें मोकळें सोडण्याचा जो प्रसंग येतो, त्याचा विचार फार थोडे लोक करितात. खुराड्याचें दार उघडावयाचें, यांत शिकण्यासारखें तें काय, असें कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून वरचेवर घडणारी एक गोष्ट सांगतों. आठवड्याच्या बाजारीं कोंबड्या घेतल्या. घरीं येतांच त्यांचे पाय सोडले. "बिचाऱ्या दिवसभर बांधलेल्या आहेत, हिंडूं द्या," असें म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळींच त्यांस अंगणांत सोडलें. सायंकाळीं पाहावें तों एक शेजाऱ्याच्या आंब्यावर, दुसरी कांटेरी कुंपणांत दडलेली, आणि तिसरीचीं पिसें तेवढीं नाल्याच्या कांठीं! दया होती, परंतु दयेस ज्ञानाची जोड नव्हती. ही जोड कशी द्यावी, हें आजच्या पाठांत आपण पाहूं.

कोंबडीचा मूळ स्वभाव

आपली पाळीव कोंबडी ही तांबड्या रानकोंबड्याची वंशज आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनावरून असें दिसतें कीं, तिचे पूर्वज नैऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या टापूंतील रानांत राहत होते. आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतील करडा रानकोंबडाही तिचा नातलग होय. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा या करड्या जातीकडून आला आहे, असें शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें.

हजारों वर्षें माणसाजवळ राहूनही कोंबडी आपल्या रानांतल्या तीन संवयी विसरलेली नाहीं. दिवसभर ती जमीन उकरून आपलें अन्न शोधते. आकाशांत शिकारी पक्ष्याची आकृति दिसली कीं झुडपाखालीं दडते. आणि उजेड मावळूं लागला कीं उंच जागीं जाऊन बसते. कारण अंधुक प्रकाशांत तिला फारसें दिसत नाहीं. या तीन संवयी ध्यानांत ठेविल्या म्हणजे पुढील सर्व नियमांचीं कारणें आपोआप उलगडतात.

आधीं घर, मग अंगण

जेथें कांहीं रात्री निर्भयपणें झोंप मिळाली, तें कोंबडीचें घर. आपण पैसे मोजून तिला आणलें म्हणून आपलें परस तिचें घर होत नाहीं. यास्तव नव्या कोंबड्यांस निदान एक आठवडा, आणि शक्य तर एक पंधरवडा, खुराड्यांत व त्यास लागून केलेल्या जाळीच्या आवारांत ठेवावें. खुराडें कोरडें व हवेशीर असावें. आंत बसण्यास आडवा दांडा असावा, अंड्यांसाठीं गवत घातलेली एखादी पेटी असावी, आणि स्वच्छ पाणी सदैव भरलेलें असावें. या मुदतीस कोणी कैद म्हणेल. आम्ही तिला ओळखीचे दिवस म्हणतों. जाळींतून कोंबडी अंगण पाहते, घरच्या माणसांचे आवाज ऐकते, आणि सूर्य कोणत्या झाडामागें मावळतो हेंही तिच्या सरावाचें होतें.

याच दिवसांत तिला हांकेची संवय लावावी. दाणा घालण्यापूर्वीं दर वेळीं ज्वारी घातलेला पत्र्याचा डबा वाजवावा, अगर घरांत जी हांक रूढ असेल ती मारावी. मात्र हांक एकच असावी, आणि हांकेमागून दाणा अवश्य मिळावा. थोड्याच दिवसांत डबा वाजतांच सगळ्या कोंबड्या धांवत येऊं लागतात. पुढें त्या मोकळ्या फिरूं लागल्यावर आपल्या हातांत हीच एक अदृश्य दोरी राहते. हांक मारून कोणीं त्यांस फसवूं नये. दोनचार वेळां फसलेली कोंबडी चौथ्या पांचव्या वेळीं मानही वळवीत नाहीं.

आणलेलीं पिलें असतील तर अंगावर पुरतीं पिसें येईपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवड्यांचीं होईपर्यंत, त्यांस मोकळें सोडण्याचा विचारही करूं नये. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारलेल्या जातींच्या पिलांसही हाच नियम लागू आहे.

घरीं पूर्वींच्या कोंबड्या असल्यास नव्यांस तीन ते चार आठवडे अगदीं निराळें ठेवावें. कारण बाजारांतून कोंबडीबरोबर आजारही घरीं येतो. त्यांतील भयंकर आजार म्हणजे मानमोडी. कुमाऊंतील राणीखेत या गांवावरून यास राणीखेत रोग असें नांव पडलें आहे. हाच रोग १९२६ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें व जावा बेटांत ओळखण्यांत आला होता. कोंबडीस धाप लागते, हिरवट पातळ हगवण होते, मान वांकडी होते, आणि पाहतां पाहतां सर्व कळप बसतो. हा रोग जडल्यावर त्यावर औषध नाहीं. आधीं लस टोंचणें हाच उपाय होय. म्हणून मोकळीक देण्यापूर्वीं गुरांच्या दवाखान्यांत जाऊन लसीची चौकशी पालकांनीं अवश्य करावी.

पहिला दिवस

दिवस कोरडा व निवांत निवडावा. त्या दिवशीं घरीं पाहुण्यांची वर्दळ नसावी, आणि कुत्रें असेल तर तें बांधून ठेवावें. वेळ मात्र सकाळची नसावी. सूर्यास्तापूर्वीं सुमारें एक तास ही उत्तम वेळ होय. याचीं तीन कारणें आहेत.

पहिलें कारण अंड्यांचें. कोंबड्या बहुधा सकाळच्या प्रहरीं अंडें घालितात. तोंवर आंत राहिल्यास अंडें पेटींत पडतें. एरवीं तें कुंपणांत पडून मुंगसाचें भक्ष्य होतें. दुसरें कारण भुकेचें. त्या दिवशीं दुपारचा दाणा थोडा कमी घालावा. म्हणजे सायंकाळचा डबा वाजल्यावर कोंबडी परत येण्यास आळस करीत नाहीं. तिसरें कारण प्रकाशाचें. सांज झाली कीं झोंपण्याची उंच जागा शोधावी, ही तिची जन्मजात संवय आहे. आणि ओळखीचा दांडा खुराड्यांतच असल्यामुळें तिचे पाय आपोआप तिकडे वळतात. एकच तास मिळाल्यामुळें ती दूर जाऊं शकत नाहीं. निसर्गच आपला मदतनीस होतो.

दार उघडून आपण बाजूस व्हावें. कोंबडीस हातानें बाहेर ओढूं नये. कांहीं कोंबड्या ताबडतोब बाहेर पडतील, कांहीं उंबऱ्याशीं उभ्या राहून मान वांकडी करून बराच वेळ विचार करितील, करूं द्यावा. खुराड्याचें दार सर्व वेळ उघडें असावें, म्हणजे भ्यालेल्या कोंबडीस परत शिरतां येईल. एका जाणत्या माणसानें तेथेंच बसावें. मुलांनीं त्यांच्यामागें धांवूं नये. पाठलाग झालेली कोंबडी घराच्या उलट दिशेसही पळते, आणि तिची वाट एकदां चुकली म्हणजे अंधारापूर्वीं ती सांपडणें कठीण.

अंधार पडण्यापूर्वीं अर्धा तास डबा वाजवावा व दाणा खुराड्याच्या आंत टाकावा. सर्व आंत आल्यावर मोजाव्यात, आणि मोजल्यावांचून दार लावूं नये. एखादी झाडावर चढून बसलीच तर दगड मारून किंवा काठीनें ढोसून तिला उडवूं नये. पुरता अंधार होऊं द्यावा. अंधारांत कोंबडी स्वस्थ असते. त्या वेळीं तिला दोन्ही हातांनीं अलगद उचलून दांड्यावर नेऊन ठेवावें.

पहिले तीनचार दिवस एकच तास, मग दोन तास, दुसऱ्या आठवड्यांत दुपारपासून, आणि घरीं परतण्याची संवय पक्की झाल्यावर अंडीं घालून झालीं कीं दिवसभर, असा क्रम ठेवावा. हलक्या जातीच्या कोंबड्या कुंपणावरून उडत असतील, तर एकाच पंखाचीं टोंकाकडील मोठीं पिसें कातरावीं. वाढ पुरी झालेलीं पिसें कातरतांना नखें कापण्याइतकाच त्रास होतो; मात्र नव्यानें फुटलेल्या पिसांत रक्त असतें, तीं कातरूं नयेत. पिसें झडून नवीं आलीं म्हणजे पंख पूर्ववत् होतो.

अंगणांत काय पाहाल

मोकळी कोंबडी म्हणजे एक चालतें पुस्तक आहे. ती पायांनीं माती उकरते, एक पाऊल मागें सरते, आणि वाळवी, किडा किंवा कोंवळा अंकुर टिपते. तिला दांत नाहींत. गिळलेलें अन्न प्रथम गळ्याखालच्या पिशवींत सांठतें. पुढें पोटांत एक जाड स्नायूंचा कोठा असतो. तेथें तिनें गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्यानें दाणा दळला जातो. म्हणजे प्रत्येक कोंबडीच्या पोटांत एक लहानसें जातें असतें! बंद खुराड्यांत हे खडे आपणांस पुरवावे लागतात. अंगणांत ती स्वतः वेंचते.

कोरड्या मातींत खळगा करून ती अंगावर धूळ उडवूं लागली तर घाबरूं नये. ही तिची आंघोळ आहे. धुळीमुळें पिसांवरील जादा तेल शोषलें जातें व उवा कमी होतात. आडोशाला थोडी माती व राख ठेविली तर ती तेथें नेमानें येईल.

कोंबड्या एकमेकींस चोंची मारतांना दिसतील. त्यांतही एक व्यवस्था असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लीफ शेल्डरूप-एबे यांनीं लहानपणापासून कोंबड्यांचें निरीक्षण केलें व १९२२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, कळपांत कोणी कोणास चोंच मारावी याचा क्रम ठरलेला असतो. हा क्रम ठरेपर्यंत थोडी भांडणें होणारच. रक्त निघालें तरच मध्यें पडावें. दाणापाणी दोन ठिकाणीं ठेविल्यास दुबळ्या कोंबडीसही खाण्यास मिळतें.

कळपांत कोंबडा असल्यास त्याची बोली ऐका. आकाशांतील शत्रु दिसला कीं तो बारीक, लांबट आवाज काढतो. जमिनीवरून कुत्रें किंवा मुंगूस आलें कीं मोठ्यानें तुटक ओरडतो. पहिल्या इशाऱ्यावर कोंबड्या दडतात, दुसऱ्यावर माना उंच करून पाहतात.

संकटें

दिवसा कुत्रें, मांजर, मुंगूस, आणि पिलांस घार व शिक्रा. रात्रीं रानमांजर, ऊद व साप. म्हणून अंगणांत दडण्यास झुडुपें किंवा एखादें छप्पर असावें, आणि रात्रीं दार पक्कें लागावें. उंदरांसाठीं ठेविलेलें विष व कीटकनाशक फवारलेली भाजी हे शत्रु दिसत नाहींत, पण जीव घेतात. उन्हाळ्यांत सांवली व पाणी दोन्ही हवींत, कारण कोंबडीस घाम येत नाहीं. धापा टाकूनच ती अंग निववते.

आपल्या देशांत बर्ड फ्लूची पहिली सांथ २००६ सालच्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आढळली, आणि लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या. अशी सांथ जवळपास असल्याचें सरकारांतून कळतांच कोंबड्यांस मोकळें सोडणें बंद करावें. एरवींही तळ्यांतील रानपक्ष्यांत त्यांस मिसळूं देऊं नये. आणि एक गोष्ट शेजारधर्माची: आपली कोंबडी शेजाऱ्याचा मेथीचा वाफा एका दुपारीं उकरून टाकूं शकते. कुंपणाचीं भोंकें आधीं बुजवावीं, तक्रार आल्यावर नव्हे.

पालकांस एक विनंति आहे. खुराड्याचें दार लावण्याचें व कोंबड्या मोजण्याचें काम घरांतील एका मुलाकडे अगर मुलीकडे नेमून द्यावें. खेळ ऐन रंगांत असतांना सांज झाली म्हणून उठावें लागतें. एक कोंबडी कमी भरली तर कंदील अगर विजेरी घेऊन शोधावें लागतें. दुसऱ्याचा जीव आपल्या वक्तशीरपणावर अवलंबून आहे, ही जाणीव पुस्तक वाचून येत नाहीं. ती अशा कामानेंच येते. शिवाय मोकळीक कशी द्यावी, याचाही धडा त्यास मिळतो. परतण्यास ओळखीचें घर, ऐकण्यास खरी हांक, आणि दिवसेंदिवस वाढणारा अवकाश, एवढें असल्यावर दार उघडण्यास भिण्याचें कारण उरत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं करावयाचें निरीक्षण

१. पहिल्या सात दिवसांत प्रत्येक कोंबडी किती वाजतां आपण होऊन खुराड्यांत शिरली, तें लिहून ठेवा. त्याच्याजवळ सूर्यास्ताची वेळ मांडा.

२. पहिल्या दिवशीं कोंबड्या खुराड्यापासून किती पावलें दूर गेल्या, आणि सातव्या दिवशीं किती, तें मोजा.

३. दाणा टाकल्यावर प्रथम कोण खाते व कोणास मागें सरावें लागतें, हें पाहून कळपाचा क्रम ठरवा. एक महिन्यानें तो बदलला कीं काय, तें पुन्हां पाहा.