संगणकाचे घड्याळ चुकते तेव्हा

ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या संगणकावर एखादे शासकीय संकेतस्थळ उघडेनासे होते. दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ बाहेर ताटकळत बसतो आणि सारा दोष ‘नेट’च्या माथी मारला जातो. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारखेकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची व समाप्तीची तारीख असते. संगणक २०१२ सालात वावरत असेल, तर त्याच्या लेखी आजचे प्रमाणपत्र अद्याप अस्तित्वातच आलेले नसते. साहजिकच तो संकेतस्थळ उघडण्यास नकार देतो.

म्हणून चूक किती आणि कशी आहे, हे प्रथम पाहावे. रात्री बंद केलेला संगणक सकाळी कित्येक वर्षे मागे गेलेला आढळला, तर आतील विद्युतघट संपला असे बहुधा समजावे. वीज नसतानाही संगणकातील घड्याळ चालू राहते ते या नाण्याएवढ्या घटावर. बहुतेक टेबलावरील संगणकांत तो ३ व्होल्टचा ‘सीआर २०३२’ असतो. संगणक बंद करून, वीजजोडणी काढून, अधिक चिन्हाची बाजू पूर्वीप्रमाणेच ठेवून नवा घट बसवावा. जुना घट मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. शाळेत तर ही दक्षता अधिकच हवी.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर घट निर्दोष असतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. तेव्हा कालविभागाची निवडच चुकलेली असण्याचा संभव अधिक. यादीतील चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही ओळ निवडावी. वेळ हाताने पुढे सरकविणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण महाजालाशी जुळणी होताच ती पुन्हा मागे जाते.

काही सेकंदांचा फरक स्वाभाविक आहे. सेकंदाला ३२,७६८ कंपने करणारा क्वार्ट्झ स्फटिकही तापमानानुसार किंचित ढळतो. आपोआप वेळ जुळविण्याची सोय चालू ठेवली की हा प्रश्न उरत नाही. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, जिच्याकडे देशाची प्रमाणवेळ राखण्याचे काम आहे, महाजालावरून वेळ पुरविते. मात्र फरक दिवसांचा वा वर्षांचा असेल, तर ही सोय पुष्कळदा दुरुस्ती नाकारते. तेव्हा आधी तारीख हाताने घालावी, मग जुळणी करावी.

एक काम यानंतरही उरते. कार्यालयातील संगणकावर केलेल्या डिजिटल स्वाक्षरीवर पुष्कळदा त्याच संगणकाची वेळ उमटते. घड्याळ दुरुस्त झाले तरी आधी निघालेल्या कागदांवरील तारीख बदलत नाही. चुकीच्या काळात दिलेले दाखले शोधून वरिष्ठांच्या निदर्शनास आणावे लागतात.