पाठ : लग्नपत्रिका – खर्च मोजका, मजकूर नेमका

प्रस्तावना

घरात लग्न ठरले की पहिली धावपळ सुरू होते ती पत्रिकेची. मुंबईत गिरगावातील खाडिलकर रोडवर किंवा दिल्लीच्या चावडी बाजारात पत्रिकांचे शेकडो नमुने मांडलेले दिसतात. ते पाहून मन मोहते आणि ठरवलेला खर्च मागे पडतो. वास्तविक पत्रिकेचे काम एकच असते : कोणाचे लग्न, कोठे, केव्हा, हे आप्तेष्टांना आदराने कळवणे. हे काम थोड्या पैशांत उत्तम प्रकारे कसे साधता येते, ते या पाठात पाहू.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• पत्रिकांची आवश्यक संख्या ठरवू शकाल;
• छपाईचा एकूण खर्च आणि दर नगाचा खर्च यांतील फरक सांगू शकाल;
• पत्रिकेचे मुद्रित काळजीपूर्वक तपासू शकाल.

1. संख्या माणसांची नव्हे, घरांची

पाहुण्यांची यादी बहुधा माणसे मोजून केली जाते. पत्रिका मात्र घराला एक जाते. समजा, इंदूरमधील एका मराठी कुटुंबाच्या यादीत 400 माणसे आहेत. घरांप्रमाणे मोजल्यावर ती 136 घरे भरतात. ऐनवेळी आठवणाऱ्या नातलगांसाठी 14 पत्रिका अधिक धरल्या, तरी 150 पत्रिका पुरतात. मोजणीचा हा एक तास सर्वांत मोठी बचत करून देतो.

2. स्वस्त दराचा मोह

ऑफसेट छपाईत मजकुराची जुळणी, प्लेट तयार करणे आणि यंत्र लावणे यांचा खर्च 100 प्रतींना जेवढा, तेवढाच 300 प्रतींना येतो. हा झाला स्थिर खर्च. कागद आणि शाई यांचा खर्च मात्र प्रतींबरोबर वाढतो. समजा, स्थिर खर्च 900 रुपये आणि प्रत्येक प्रतीचा खर्च 5 रुपये आहे. मग हिशेब असा होतो :

150 प्रती : 900 + 750 = 1650 रुपये; दर नग 11 रुपये
300 प्रती : 900 + 1500 = 2400 रुपये; दर नग 8 रुपये

“तीनशे घ्या, स्वस्त पडतील,” असे दुकानदार म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. परंतु गरज दीडशेचीच असेल, तर 750 रुपये जास्त देऊन उरलेले गठ्ठे माळ्यावर ठेवावे लागतात. म्हणून दर नगाकडे न पाहता एकूण रकमेकडे पाहावे. उलट, आधी कमी छापून मागाहून दहा प्रती मागितल्या, तर यंत्र लावण्याचा खर्च पुन्हा द्यावा लागतो. अगदी थोड्या प्रती हव्या असतील, तर डिजिटल छपाईचा दर विचारावा; तीत प्लेट लागत नाही.

3. कागद आणि रंग

कागदाची जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, असा त्याचा अर्थ आहे. झेरॉक्सचा नेहमीचा कागद 70 ते 80 जीएसएमचा, तर कार्डाचा कागद 250 च्या आसपास असतो. 210 × 297 मि.मी. आकाराच्या ए-4 कागदातून 105 × 148 मि.मी.ची चार कार्डे निघतात. मजकूर लहान असेल, तर असे एक कार्ड पुरेसे होते.

रंगीत चित्रे छापण्यासाठी निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया व चार प्लेटा लागतात. एकाच शाईला एकच प्लेट पुरते. फिकट पिवळ्या कागदावर कुंकवाच्या रंगाची एकच शाई वापरली, तरी पत्रिका मंगल दिसते. सोनेरी वर्ख, गोंडे आणि दुहेरी पाकीट यांनी खर्चाबरोबर वजनही वाढते. पत्रिका टपालाने पाठवायची असेल, तर वजनानुसार तिकीटही वाढते.

4. काटकसर नको ती एकाच ठिकाणी

मजकुराच्या तपासणीत मात्र घाई करू नये. महाराष्ट्राबाहेर जुळणी करणाऱ्यास मराठी येत असेलच असे नाही. अशा वेळी ‘ळ’चा ‘ल’ होतो. काळे यांचे काले आणि मंगळवारचा मंगलवार होतो. मोबाइलवर टंकलेला मजकूर छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये नेताना जोडाक्षरेही तुटतात.

मुद्रित हाती आल्यावर एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून पाहावे. वधूवरांची नावे, वार, तारीख, मुहूर्ताची वेळ आणि स्थळ यांवर बोट ठेवून खात्री करावी. मगच सही करावी. महाराष्ट्रात विवाह नोंदणी करताना इतर कागदपत्रांसोबत लग्नपत्रिका मागितली जाते. ती नसल्यास प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यामुळे नावातील एक चूक पुढे हेलपाटे घालायला लावू शकते.

दूरच्या परिचितांना मोबाइलवर निमंत्रण धाडता येते. वडीलधाऱ्यांच्या हाती मात्र कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली साधी पत्रिका प्रत्यक्ष जाऊन द्यावी. त्यांच्या लेखी पत्रिकेच्या किमतीपेक्षा तुम्ही घरी आलात, याचे मोल अधिक असते.

तुम्ही काय शिकलात?

• पत्रिका घरे मोजून छापाव्यात.
• दर नगापेक्षा एकूण खर्च महत्त्वाचा असतो.
• बचत सजावटीत करावी, तपासणीत करू नये.

पाठगत प्रश्न

1. वरील दरांनुसार 200 पत्रिकांचा एकूण खर्च व दर नगाचा खर्च काढा.
2. एका शाईची छपाई स्वस्त का पडते?
3. तुमच्या घरी आलेली एखादी पत्रिका घ्या. तिच्यातील कोणता मजकूर वगळला तरी चालेल, ते लिहा.

उत्तर (प्रश्न 1) : 1900 रुपये, दर नग 9.50 रुपये.

शब्दार्थ

मुद्रित – तपासणीसाठी काढलेली पहिली छापील प्रत
स्थिर खर्च – प्रतींची संख्या बदलली तरी न बदलणारा खर्च
ताडून पाहणे – तुलना करून खात्री करणे