मनगटातला बोगदा

नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर झाली होती, आणि त्यांत मुंग्या येत होत्या. मी हात पलंगाबाहेर काढून जोरात झटकला, तेव्हा जरा बरे वाटले. त्या अंधारात मला एकदम आई आठवली. तीही रात्री उठून असाच हात झटकते. सुट्टीत मी विचारले की म्हणायची, "काही नाही रे, हात अंगाखाली आला असेल."

मी शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. वार्षिक परेडला तीन आठवडे उरले होते. एमआय रूममध्ये गेलो तर ड्रम दुसऱ्याच्या हातात जाईल आणि हाउसमधली मुले बहाणेबाज म्हणतील, या भीतीने मी दहा दिवस कोणालाच काही सांगितले नाही. अकराव्या दिवशी सरावात स्टिक हातातून निसटली. मला वाटले, आता शिक्षा होणार. पण बँडच्या उस्तादांनी माझा हात हातात घेऊन पाहिला आणि विचारले, "ड्रमची दोरी सैल झाली तर लगेच सांगतोस ना? मग हाताचं का नाही सांगितलंस?" त्यांनीच मला एमआय रूममध्ये नेले.

डॉक्टरसाहेबांनी तिथे कागदावर चित्र काढून मला जे समजावले आणि पुढे मी जे वाचले, ते या लेखात सांगतो.

बोगदा कसा असतो?

आपल्या मनगटात आठ छोटी हाडे कमानीसारखी बसलेली असतात. त्या कमानीवर तळहाताच्या बाजूने एक जाड पट्टा ताणलेला असतो. हाडे आणि पट्टा यांच्यामध्ये जो अरुंद बोगदा तयार होतो, त्याला कार्पल टनेल म्हणतात. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, जातात आणि त्यांच्या सोबतीने मीडियन नावाचा एक मज्जातंतू जातो. एकच हालचाल सतत केली की कंडरांभोवतीचे आवरण सुजते. बोगदा काही रुंद होत नाही, त्यामुळे दाब मज्जातंतूवर येतो.

हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना संवेदना देतो. करंगळीचा मज्जातंतू वेगळा असतो आणि तो या बोगद्यातून जात नाही. म्हणून मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. झोपेत मनगट दुमडून राहते, त्यामुळे त्रास रात्री वाढतो.

हा त्रास आजचा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवर 1700 मध्ये ग्रंथ लिहिला. दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांचे हात का दुखतात, याचाही त्यांनी विचार केला होता. तेव्हा मोबाइल नव्हता, संगणकही नव्हता.

ओळखायचे कसे?

दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटे जमिनीकडे करा आणि मनगटे एक मिनिट तशीच वाकवून ठेवा. या तपासणीला फॅलनची चाचणी म्हणतात. वर सांगितलेल्या बोटांत मुंग्या आल्या तर संशय घ्यावा. पण यावरून स्वतःच निदान करू नये. खात्रीसाठी डॉक्टर मज्जातंतूची विजेवरची तपासणी करतात.

मला डॉक्टरसाहेब म्हणाले, "तुझ्या वयात खरा कार्पल टनेल क्वचितच दिसतो. तुझ्या मनगटावर अतिताण आलाय. पण असंच रेटत राहिलास तर त्रास वाढेल."

शस्त्रक्रियेशिवाय काय करता येते?

पहिला उपाय म्हणजे कारण शोधणे. माझी तीन कारणे निघाली. मी स्टिक घट्ट आवळून धरत होतो. खरे तर ड्रमवर आपटलेली स्टिक आपोआप उसळते, ती उसळू द्यायची असते. पुशअप मी तळहात टेकवून मारत होतो, त्यात मनगट काटकोनात मागे वळते. आता उस्तादांच्या परवानगीने मी मुठीवर मारतो, त्यामुळे मनगट सरळ राहते. तिसरे कारण प्रेपमधले लिखाण. बारीक पेन चिमटीत दाबून मी दोन-दोन तास लिहीत असे. आता जाड पकडीचे पेन घेतले आहे आणि दर अर्ध्या तासाने पेन खाली ठेवतो.

दुसरा उपाय रात्रीचा स्प्लिंट. आत पट्टी असलेला हा मनगटपट्टा मनगट सरळ ठेवतो, कारण सरळ मनगटात बोगद्यातला दाब सर्वांत कमी असतो. तो आवळून बांधायचा नाही. एक-दोन रात्रीत गुण येत नाही. मला सहा आठवडे बांधायला सांगितले होते.

तिसरा उपाय हलका व्यायाम. बोटे सरळ ठेवायची, मग फक्त पेरे दुमडून आकडा करायचा, मग पूर्ण मूठ, आणि पुन्हा सरळ. असे सावकाश पाच वेळा. दुखले तर थांबायचे. इथे 'आणखी एक' म्हणून जोर लावायचा नाही.

वेदनाशामक गोळीने दुखणे काही वेळ दबते, पण मज्जातंतूवरचा दाब तसाच राहतो. काही रुग्णांना डॉक्टर मनगटात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने बऱ्याच जणांना काही काळ आराम मिळतो. मधुमेह किंवा थायरॉइडचा दोष असेल, तर त्यावर उपचार करावेच लागतात.

मात्र बधिरपणा दिवसरात्र राहू लागला, वस्तू हातातून पडू लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बसू लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. अशा वेळी शस्त्रक्रिया करून तो पट्टा कापतात आणि मज्जातंतू मोकळा करतात. उशीर झाला तर गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही.

आईचा फोन

त्या रविवारी फोनवर मी आईला विचारले, "मुंग्या करंगळीलाही येतात का गं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही रे, करंगळीला कधीच नाही. तुला कसं कळलं?" आई गावात ब्लाउज शिवते. दिवसभर कात्री, सुई आणि मशीन. लग्नसराईच्या ऑर्डरी हातच्या जातील म्हणून तिने दोन वर्षे कोणाला सांगितले नव्हते. मीही ड्रम जाईल म्हणून तेच केले होते. मी तिला माझे सगळे सांगितले, तेव्हा ती तालुक्याच्या दवाखान्यात गेली. तपासणीत थायरॉइडचाही दोष निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. हिवाळी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आम्ही दोघेही रात्री पट्टा बांधून झोपत होतो. वडील हसायचे. आईच्या पट्ट्याला शिवणाचे रंगीत दोरे चिकटलेले असत. आता ती बहुतेक रात्री सलग झोपते. काम जास्त झाले की मुंग्या अजून येतात, म्हणून तिला पुन्हा तपासणीला बोलावले आहे.

वार्षिक परेडला माझा ड्रम नववीच्या एका कॅडेटने वाजवला आणि मी मागे बसून पाहिला. खोटे कशाला सांगू, वाईट वाटले. पण 26 जानेवारीच्या ध्वजवंदनाला ड्रम पुन्हा माझ्या गळ्यात होता, आणि स्टिक मी सैल धरली होती.

मित्रांनो, रायफल रोज साफ करायला आपल्याला शिकवतात. ती धरणारा हातही तपासत जा. दुखत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. आणि सुट्टीत घरी गेलात की आईलाही विचारा, रात्री हात झटकावा लागतो का.