नऊ घरांचा कागद

परिसर अभ्यासाच्या तासाला गावाचा नकाशा काढावयास सांगितला म्हणजे बहुतेक मुले देऊळ, शाळा व स्वतःचे घर काढून पेन्सिल खाली ठेवतात. नकाशा सुबक दिसतो. परंतु गाव तेथेच का वसले, बाजार त्याच बाजूस का भरतो, याचे उत्तर त्यात सापडत नाही. नकाशा हे विचार करण्याचेही साधन आहे, हे मुलांस कसे पटवून द्यावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. वाचन बंद पडले, तेव्हा कागदास घड्या घालून, त्या बोटांनी चाचपीत, एकेका घरात एकेक कल्पना बसविण्याची सवय त्यांनी लावून घेतली. या कागदांना ते 'विचारयंत्रे' म्हणत. पुढे नगररचनेतही त्यांनी हेच साधन वापरले. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्याच वर्षी त्यांनी ठाणे, वांद्रे इत्यादी गावांविषयी अहवाल लिहिले. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी पायी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. डासांच्या भीतीने तळी सरसकट बुजविण्यास त्यांचा विरोध असे. तळ्यांत मासे सोडावेत, असे ते सुचवीत.

कृती सोपी आहे. कागदास उभ्या दोन व आडव्या दोन घड्या घालाव्यात. नऊ घरे होतात. तिरप्या रांगेतील तीन घरांत वरून खाली 'स्थळ', 'काम', 'लोक' असे लिहावे. खरा अभ्यास उरलेल्या सहा घरांत आहे. वरच्या रांगेतील मधल्या घरात जागेने कामाला काय दिले ते लिहावयाचे, आणि मधल्या रांगेतील पहिल्या घरात कामाने जागेचे काय केले ते. इतर घरांतही अशीच जोडी लावावी.

रहिमतपूरचे उदाहरण घेऊ. आले व ऊस यांची शेते पहिल्या जोडीत सहज बसतात. गावातील मशीद, रणदुल्लाखानाची म्हणून ओळखली जाणारी कबर आणि जवळची 'हत्तीची मोट' ही मुले 'प्रेक्षणीय स्थळे' म्हणून पाठ करतात. त्यात पाठांतरापलीकडे काही नाही. मोट कोणत्या घरात लिहावी, असे विचारून पाहावे. पाणी खाली होते, ते वर हवे होते. मनुष्याने उंच बांधकाम करून ते चढविले. म्हणजे ही नोंद 'कामाने जागेचे काय केले' या घरातली. रेल्वेचे स्टेशन गावापासून दूर का, हा प्रश्न मग मुलेच काढतील.

आपल्या भाषेतही असे साधन पूर्वीपासून आहे. वस्तीची ती पांढरी, पिकाची ती काळी. या दोन शब्दांनी आपल्या पूर्वजांनी गावाची जमीन वाटून दाखविली. गेडिससाहेबांच्या कागदाइतकीच ती मोलाची आहे, असे मला वाटते.

हा केवळ खेळ नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखडा करण्यापूर्वी जमिनीच्या चालू वापराची पाहणी करावी लागते, व प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत थोडी असते. ज्यांस नकाशा वाचता येत नाही त्यांस रस्त्याची रेघ आपल्या ओट्यावरून गेल्याचे, किंवा पाणवठ्याच्या जागी दुसरेच आरक्षण पडल्याचे, मुदत उलटल्यावर कळते. नकाशावर जी विहीर उमटलीच नाही, तिच्यासाठी हरकत कोण घेणार?

कागद तपासताना शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. रिकामी राहिलेली घरे तशीच ठेवून मुलास ती आजीकडे, कुंभारकाकांकडे किंवा पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे विचारावयास सांगावे, व उत्तर कोणी दिले हेही त्याच घरात लिहवून घ्यावे.