आठळ्यांचं वरुवल : चार जणांचा खर्च किती?

चार जणांना भाताबरोबर तोंडीलावणं म्हणून आठळ्यांचं तमिळ पद्धतीचं मसालेदार वरुवल करायचं, तर घरी साधारण ६० ते ७२ रुपये लागतात. आठळ्या घरी आणलेल्या फणसातल्याच असतील, तर साध्या तेल-कांद्यात हाच पदार्थ चाळीसच्या आत होतो. म्हणजे माणशी नऊ ते अठरा रुपये. या दोन आकड्यांमधली तफावत कुठून येते आणि कुठे पैसे वाचवावेत, कुठे वाचवू नयेत, एवढंच इथे सांगायचं आहे.

आठळ्या कोकणी माणसाला नव्या नाहीत. अळूच्या फदफद्यात त्या हव्यातच, आणि लाल माती लावून पावसाळ्यासाठी ठेवायची रीतही जुनी. पण आपण त्या बहुतेक वेळा दुसऱ्या भाजीत भर म्हणून घालतो. तमिळनाडूचं राज्यफळच फणस. आंबा, फणस आणि केळं ही तिथली मानाची तीन फळं, आणि कडलूर जिल्ह्यातलं पण्रुटी तर फणसासाठीच ओळखलं जातं. तिथे आठळी स्वतःच्या जोरावर पानात येते : उकडून, मिरी-बडीशेपेच्या वाटणात कोरडी परतून, रस्सम-भाताच्या शेजारी. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे आणि आसपासच्या कारखान्यांमुळे दक्षिणेकडची कुटुंबं आपल्या या अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरच्या पट्ट्यात कितीतरी वर्षांपासून राहतात. त्यामुळे लागणारं सामान घेण्यासाठी माटुंग्याला जायची गरज पडत नाही.

आठळ्या कुठून घ्याव्यात

मोसम साधारण एप्रिल ते जून. बदलापूरला मुरबाड आणि बारवीच्या बाजूच्या गावांतून माल येतो, जांभळं-करवंदांच्या पाट्यांशेजारी फणसही दिसतात. उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये गाडीवर फणस फोडून गरे विकणारे जास्त. आठळ्या स्वस्तात मिळण्याची खरी जागा हीच गाडी. गरेवाल्याकडे दोन प्रकारचा माल असतो : आठळीसकट गरे आणि आठळी काढलेले गरे. आठळीसकट घेत असाल, तर वजन आठळीचंही होतं आणि त्याचा दाम तुम्ही गऱ्याच्याच भावाने मोजलेला असतो. त्या आठळ्या घरी आणा, त्या तुमच्या पैशाच्या आहेत. काढलेले गरे घेतलेत, तर आठळ्या त्याच्या टोपलीत उरतात. मग वेगळा भाव विचारा. संध्याकाळी गाडी आवरायच्या वेळी विचारलं, तर भाव खाली येतो, कारण दुसऱ्या दिवशी त्या चिकट आठळ्यांचं त्यालाही ओझंच असतं.

अख्खा फणस घ्यावा का? घरात खाणारी सहा-सात माणसं असतील, तरच. फणसाच्या वजनाचा बराचसा भाग साल, पाव आणि चार यांतच जातो. आठळ्या साधारण दहावा हिस्सा भरतात. आठ किलोच्या फणसातून पाऊण किलोच्या आसपास आठळ्या निघतील, म्हणजे दोन वेळचं वरुवल. पण गरे संपले नाहीत, तर हा सौदा आतबट्ट्याचा. दोघा-तिघांच्या घराने अर्धा किलो गरे आणि वर पाव किलो आठळ्या घ्याव्यात, हे बरं.

निवडताना आठळी दाबून पाहा. वरचं पांढरं कवच कडक आणि आतला गर टणक हवा. थोडा कोंब आलेली चालते. काळे डाग, मऊपणा किंवा आंबूस वास असेल तर सोडून द्या. पाण्यात भिजवून ठेवलेल्या किंवा गऱ्याचा बुळबुळीतपणा तसाच राहिलेल्या आठळ्या वजनाला जड भरतात. पुसून, कोरड्या करून मोजायला सांगा. काटा शून्यावर आहे का आणि भांड्याचं वजन वजा झालं आहे का, हे पाहायला संकोच करू नका. काट्यावर वैध मापन विभागाची पडताळणीची मोहोर असायला हवी. मापात खोट वाटली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

सोललेल्या, पाकीटबंद आठळ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नयेत. पाकिटावर युनिट विक्री किंमत छापलेली असते, ती किलोत बदलून गाडीवरच्या भावाशी ताडून पाहा. जादा पैसे फक्त सोलण्याचे असतात, आणि सोलणं हे कुकरच्या दोन शिट्ट्यांनंतर अगदी सोपं काम आहे.

हिशेब

खालचे भाव हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या दारचा भाव वेगळा असेल तर तेवढा आकडा बदला, रीत तीच राहील.

आठळ्या ३०० ग्रॅम, किलोला ८० रुपये धरले तर २४ रुपये. पाव नारळ, नग ४० रुपयांचा धरून, १०. मिरी, धणे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या मिळून ८. मोहरी, उडीद डाळ, हिंग, कढीपत्ता, हळद आणि लसणाच्या चार पाकळ्या मिळून ४. तेल दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर : शेंगदाण्याचं २०० रुपये लिटर धरून ६, तिळाचं ४०० रुपये लिटर धरून १२. कांदा १०० ग्रॅम : साधा ३ रुपयांचा, सांबारात घालतात तो लहान कांदा ८ रुपयांचा.

राहिला गॅस, जो कुणी मोजत नाही. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला. त्या दराने एक ग्रॅम गॅस सहा पैशांना पडतो. आठळ्या उकडणं, मसाला भाजणं आणि परतणं मिळून पस्तीस मिनिटं मध्यम शेगडी चालली, तर ९० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. म्हणजे साडेपाच रुपये. आठळ्या झाकण न लावता पातेल्यात शिजवल्या, तर हा आकडा सहज वाढेल.

बेरीज साध्या तेल-कांद्यात साडेसाठ रुपये, तिळाच्या तेलात आणि लहान कांद्यात साडेएकाहत्तर. आठळ्यांचे २४ वजा केले की साडेछत्तीस आणि साडेसत्तेचाळीस.

दोन्ही बेरजांमधल्या फरकाचे हे अकरा रुपये वाचवावेत का? कांद्याचे पाच वाचवा, चवीत फार फरक पडत नाही. तेलाचे सहा मात्र खर्च करा. आठळी पिठूळ असते, तिला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तिळाच्या तेलाचा जो खमंगपणा तिच्या अंगावर चढतो, त्यानेच हा पदार्थ तमिळ होतो. तेल दक्षिणी किराणा दुकानातून लहान बाटलीत घ्या. लिटरभर घेऊन कपाटात ठेवण्यात अर्थ नाही. तयार सांबार मसाल्याचं पाकीट याच एका पदार्थासाठी आणू नका. लागतो दोन चमचे, उरलेला वास जाईपर्यंत पडून राहतो.

करायची रीत

आठळ्या धुऊन, त्या बुडतील इतकं पाणी आणि मीठ घालून कुकरला दोन, फार तर तीन शिट्ट्या द्या. जास्त झाल्या तर परतताना चुरा होतो. निवल्या की सुरीने उभ्या चिरा. पांढरं कवच टचकन सुटतं. आतली तपकिरी पातळ साल खरवडत बसू नका, ती खायला चालते आणि परतल्यावर तिलाच मसाला धरतो. कच्च्या आठळ्यांत प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात, ते शिजवल्यावर निकामी होतात; म्हणून उकडण्याची पायरी टाळायची नाही.

चार सुक्या मिरच्या, दोन चमचे धणे, एक चमचा मिरी, एक चमचा बडीशेप मंद आचेवर भाजा. शेवटी खोबरं घालून बदामी होऊ द्या आणि पाणी न घालता भरड वाटा. लोखंडी कढईत तेल तापवून मोहरी तडतडली की उडीद डाळ टाका. डाळ लालसर झाल्यावरच हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. मग कांदा आणि हळद. आठळ्या घालून दोन मिनिटं परता, वरून वाटण आणि मीठ, आणि आच अगदी कमी. आठ-दहा मिनिटांत आठळ्यांच्या चिरलेल्या बाजूला तांबूस कड येते. तोवर सारखं ढवळू नका, मसाला कढईला लागून मगच आठळीला चिकटतो. कांदा-लसूण चालत नसेल, तर दोन्ही वगळून ओलं खोबरं शेवटी पेरा. तो प्रकार म्हणजे पोरियल, आणि कांदा-लसणाचे पैसे सुटल्याने तो थोडा स्वस्तच पडतो.

रस्सम नसेल तर आमटी-भातावर बिनधास्त वाढा. आठळ्यांत पिष्ट भरपूर असतं, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी भात त्या मानाने कमी घ्यावा. पोटात वायू धरणाऱ्यांनी पहिल्या वेळी पाच-सहा आठळ्यांवर थांबावं.

साठवायच्या असतील तर धुऊन, पुसून, दोन दिवस सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत ठेवा. आपल्याकडच्या जूनच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी धरते. उकडून, सोलून फ्रीझरमध्ये ठेवल्या तर गणपतीपर्यंत पुरतात आणि ऐन अळूच्या दिवसांत उपयोगी पडतात. तेव्हा या मोसमात गाडीवरून गरे घ्याल, तेव्हा आठळ्याही मागून घ्या. पहिला जोराचा पाऊस झाला की फणस पाणचट होतो आणि गाड्याही कमी होत जातात, म्हणून मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हीच खरेदीची वेळ.